पांढरीतली खापरे

नाशिकच्या जुन्या गावात, गोदावरीच्या उजव्या काठावर मातीची गढी आहे. नदीच्या बाजूने पाहिले तर ती साधी टेकडी वाटते, पण तिच्या उंचीत माणसांचा मोठा वाटा आहे. एकाच जागी लोक पिढ्यान् पिढ्या राहिले. घरे पडली, पडक्या घरांवर नवी उभी राहिली. चुलीतली राख, खाल्लेल्या जनावरांची हाडे, फुटकी भांडी सगळे तिथेच पडत गेले आणि जमीन हळूहळू वर येत गेली. आपल्याकडच्या खेड्यांत अशा जुन्या वस्तीच्या जागेला पांढरी म्हणतात. शेताची ती काळी, वस्तीची ती पांढरी. राखेने आणि घरांच्या मातीने तिचा रंगच पालटलेला असतो.

पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे ह. धी. सांकलिया आणि शां. भा. देव यांनी १९५०-५१ मध्ये या गढीत आणि संगमनेरजवळ प्रवरेकाठच्या जोर्वे गावात उत्खनन केले. दोन्ही ठिकाणांचा एकत्र अहवाल १९५५ साली प्रसिद्ध झाला. तोवर महाराष्ट्राची कहाणी सातवाहनांपासून, फार तर सोपाऱ्याच्या अशोकाच्या आज्ञालेखापासून सांगायची रीत होती. त्याच्या कितीतरी आधीची अश्मयुगीन दगडी हत्यारे नाशिकजवळच गंगापूरला गोदावरीच्या पात्रालगत सापडली होती. पण दगडी हत्यारे वापरणारा भटका माणूस आणि लेणी खोदून घेणारा राजा यांच्यामध्ये इथे कोण राहत होते, याचे उत्तर कोणाकडे नव्हते. ते उत्तर नाशिकच्या तळच्या थरातल्या आणि जोर्व्याच्या मातीतल्या लाल खापरांनी दिले. या लोकांचा एकही लेख नाही, एकाही राजाचे नाव आपल्याला माहीत नाही, त्यांची भाषा कोणती होती तेही कळत नाही. तरीही ते काय पिकवत, घरे कशी बांधत, मेलेल्या मुलाला कुठे ठेवत आणि त्यांच्यावर वाईट दिवस कधी आले, हे आज बरेच तपशिलाने सांगता येते. त्यातला फार मोठा भाग मडक्यांमुळे कळला आहे.

भाजलेल्या मातीचा एक गुण इथे कामी येतो. कच्ची माती भिजली की तिचा चिखल होतो. भट्टीत मात्र मातीच्या कणांमध्ये रासायनिकरीत्या बांधलेले पाणी निघून जाते, कण एकमेकांना चिकटतात आणि ती पुन्हा कधीच चिखल होत नाही. म्हणून मडके चटकन फुटते, पण त्याचे खापर तीन-चार हजार वर्षे टिकते. लाकूड कुजते, कापड आणि कातडे नाहीसे होते. तांबे मोडले तर वितळवून दुसरी वस्तू करतात, सोने चोरीला जाते. खापराचा कोणाला काही उपयोग नसतो, त्यामुळे ते जिथे पडले तिथेच राहते. शिवाय भांडी गरिबाच्या घरात होती तशी श्रीमंताच्याही. राजवाडा आणि मंदिर पाहून राजाची आणि पुरोहिताची ओळख होते. स्वयंपाकघरापर्यंत पोहोचायचे असेल, तर खापराशिवाय दुसरा इतका मोठा साक्षीदार नाही.

भांडी सतत फुटतात, सतत नवी लागतात आणि प्रत्येक पिढीत घडण थोडी बदलते. काठ बाहेर वळतो, बूड गोल होते, नक्षी साधी होते. इंग्रज संशोधक फ्लिंडर्स पेट्री यांनी १८९० साली पॅलेस्टाइनमधल्या तेल अल-हेसी इथे खोदताना हा बदलच कालगणनेसाठी वापरला. कोणत्या थरात कोणत्या घडणीची भांडी येतात याचा क्रम लावला की दुसऱ्या ठिकाणचा थरही त्या भांड्यांवरून ओळखता येतो. भारतात मॉर्टिमर व्हीलर यांनी १९४५ साली पुदुच्चेरीजवळच्या अरिकमेडूला हीच पद्धत वापरली. तिथे मिळालेल्या, इटलीत बनलेल्या भांड्यांचा काळ ठाऊक होता, त्यावरून त्यांनी तिथल्या भारतीय भांड्यांचा काळ ठरवला. सांकलियांनी इंग्लंडमध्ये शिकत असताना व्हीलर यांच्याच हाताखाली मेडन कॅसलच्या उत्खननात काम केले होते. थराला थर जोडून वाचण्याची ती शिस्त त्यांनी गोदाकाठी आणली.

नाशिकची गढी खालून वर वाचली तर काय दिसते? तळाशी लाल भांडी, त्यांवर काळ्या रंगाची नक्षी, आणि त्यांच्यासोबत दगडाची बारीक पाती. म्हणजे तांबे माहीत होते, पण रोजच्या कापाकापीला दगडच लागत होता. हा ताम्रपाषाण काळ. त्याच्यावर ऐतिहासिक काळाचे थर. त्यांत आरशासारखी चकाकणारी काळी भांडी येतात. उत्तरेकडची काळी झिलईची भांडी म्हणून अभ्यासक ती ओळखतात. त्यांचे माहेर गंगेचे खोरे. तिकडे ती साधारण इ.स.पूर्व ७०० ते २०० या काळात वापरात होती. गोदेच्या काठी ती मिळाली याचा अर्थ, माल आणि माणसे विंध्य ओलांडून ये-जा करत होती. त्याही वर सातवाहन काळातली तांबडी, घोटून गुळगुळीत केलेली भांडी, आणि सर्वांत वर मुसलमानी आणि मराठा अमदानीचे थर. एका टेकाडात सुमारे तीन हजार वर्षे अशी एकावर एक बसली आहेत. या क्रमातली सर्वांत मोलाची गोष्ट मला तळचीच वाटते. नक्षीची लाल भांडी ऐतिहासिक थरांच्या खाली आहेत, म्हणजे ती त्यांच्याहून जुनी आहेत, हे त्या उभ्या खड्ड्याने नि:संशय दाखवले.

जोर्व्याला हीच भांडी अधिक स्वच्छ स्वरूपात मिळाली. तिथे पूर्वी तांब्याच्या चपट्या कुऱ्हाडी सापडल्या होत्या, म्हणून अभ्यासकांचे लक्ष त्या गावाकडे गेले होते. पुढे या भांड्यांना आणि ती वापरणाऱ्या संस्कृतीला जोर्वे हेच नाव पडले. आज जगातल्या पुरातत्त्वाच्या पुस्तकांत प्रवरेकाठचे हे छोटे गाव आहे ते या मडक्यांमुळे.

जोर्वे भांडे हातात घेतले तर करणाऱ्याचे कसब लगेच जाणवते. माती बारीक, चांगली मळलेली. वेगाने फिरणाऱ्या चाकावर काढलेले पातळ अंग. भट्टीत इतके नीट भाजलेले की बोटाने वाजवले तर धातूसारखा खणखणीत आवाज येतो. नक्षी भाजण्याआधीच काढलेली आहे आणि ती बहुतेक रेघांची आहे: तिरप्या रेषा, जाळी, चौकटी, त्रिकोण. पोटाला कोन असलेले वाडगे, फाकलेल्या काठाचे गोल घडे आणि लांब तोटीची भांडी हे त्यांतले नेहमीचे प्रकार. ती तोटी चाकावर होत नाही. ती वेगळी वळून, अंगाला भोक पाडून, ओल्या मातीने जोडावी लागते. जोड कच्चा राहिला तर भट्टीत तडा जातो. असे भांडे घरातल्या कोणीही सवडीने केलेले नसते. हा धंदा करणारा, त्यावर पोट असणारा कुंभार गावात होता, आणि त्याला धान्य देऊन भांडी घेणारे शेतकरीही होते. वाटपाची आणि देवघेवीची एक घडी बसल्याशिवाय अशी भांडी तयार होत नाहीत.

आता त्याच गावातली दुसरी भांडी पाहा. धान्याचे मोठे रांजण हाताने, जाड अंगाचे, मातीत भुस्सा किंवा तूस मिसळून केलेले असत. भाजताना तूस जळून जाते आणि अंगात बारीक पोकळ्या राहतात. तडे रोखायला त्यांची मदत होते. नक्षीदार तोटीच्या भांड्यापुढे हे रांजण ओबडधोबड दिसतात, पण शेतीचा हिशेब त्यांच्याकडेच आहे. साठवायचे रांजण मोठे आणि पुष्कळ असतील तर पीक वर्षभर पुरत होते. आजही आपले कुंभार चिकण मातीत घोड्याची लीद किंवा राख मिसळतात. त्यामागचे कारण तेच आहे.

जोर्वे लोकांचे सर्वांत जवळून दर्शन घडते ते शिरूर तालुक्यात, घोड नदीकाठच्या इनामगावात. सांकलिया, म. के. ढवळीकर आणि झै. दा. अन्सारी यांच्या नेतृत्वाखाली तिथे १९६८ ते १९८३ पर्यंत उत्खनन चालले. इतकी वर्षे एकाच खेड्यावर दिल्यामुळे घरांमागून घरे उघडी पडली. वस्तीचे तीन टप्पे दिसले: माळवा भांड्यांचा, साधारण इ.स.पूर्व १६०० ते १४००. पूर्व जोर्वे, १४०० ते १०००. आणि उत्तर जोर्वे, १००० ते ७००. या टप्प्यांची नावेच भांड्यांवरून दिली आहेत.

पूर्व जोर्वे काळात गाव भरभराटीला आले होते. चौकोनी घरे, नदीचे पाणी वळवायला काढलेला पाट, धान्याचे कोठार. बार्ली, गहू, कडधान्ये पिकत होती. कुंभाराची गोल भट्टी मिळाली. कुंभार, सोनार, हस्तिदंत कोरणारा अशा कारागिरांची घरे गावाच्या पश्चिम कडेला होती आणि मध्यभागी पाच खोल्यांचे मोठे घर होते. गावात सगळे सारखे नव्हते, हे इथे घरांच्या मांडणीतून दिसते. मृतांना कसे पुरले त्यातूनही हेच दिसते. मोठी माणसे बहुतेक उत्तरेकडे डोके करून खड्ड्यात आडवी ठेवलेली आणि त्यांचे पाय घोट्यापाशी तोडलेले. पाय का तोडत याबद्दल तर्क आहेत. मृताने परत येऊ नये ही भीती त्यामागे असावी, असे अनेकांना वाटते. पाच खोल्यांच्या एका मोठ्या घराच्या अंगणात मात्र एक पुरुष मांडी घालून बसलेल्या स्थितीत मिळाला. चार पायांच्या एका मोठ्या मातीच्या रांजणात त्याला ठेवले होते. तो गावाचा प्रमुख असावा, हा ढवळीकरांचा निष्कर्ष मला पटतो, कारण घर, कोठार आणि पुरण्याची पद्धत या तिन्ही गोष्टी एकाच दिशेने बोट दाखवतात.

लहान मुलांसाठी दोन घडे घेत. मूल आत ठेवून घड्यांची तोंडे एकमेकांना लावत आणि ते आडवे करून घरातल्याच जमिनीखाली पुरत. सोबत एखादा नक्षीचा वाडगा, एखादे तोटीचे भांडे. नेवासे आणि दायमाबाद इथल्या जोर्वे वस्त्यांतही ही पद्धत दिसते. इतकी मुले दगावत होती की या दफनांची संख्या इतर कोणत्याही वयाच्या माणसांपेक्षा जास्त भरते. या आईबापांचे नाव, भाषा, देव आपल्याला माहीत नाहीत. पण मेलेले मूल गावाबाहेर न नेता आपल्याच छपराखाली ठेवावे आणि त्याच्याजवळ चांगल्यातले भांडे ठेवावे असे त्यांना वाटले, एवढे पक्के कळते. पुरातत्त्वाचे अहवाल या जागी कोरडेपणाने मापे देतात. ती मापे वाचताना थांबल्याशिवाय मला पुढे जाता आलेले नाही.

मग इ.स.पूर्व १००० च्या सुमारास भांडी बिघडू लागतात. उत्तर जोर्वे काळातली भांडी जाडसर आहेत, भाजणी कमी आहे, पूर्वीची सफाई राहिलेली नाही. त्याच थरांत चौकोनी घरांच्या जागी दाटीने उभ्या केलेल्या गोल झोपड्या येतात आणि शिकारीच्या जनावरांची हाडे वाढतात. पाऊस कमी होत गेला आणि शेतीवर पोट भरेना, असा ढवळीकरांनी त्याचा अर्थ लावला. गोदावरी-प्रवरेच्या आणि तापीच्या खोऱ्यांतली बहुतेक जोर्वे खेडी तर त्याआधीच ओस पडली होती. भट्टी पेटवायला जळण हवे, चाकावर बसणाऱ्याला दुसऱ्याने पिकवलेले धान्य हवे. पीक आटले की आधी कारागीर मोडतो, हे महाराष्ट्राने दुष्काळात पुन्हा पुन्हा पाहिले आहे. इ.स.पूर्व ७०० च्या सुमारास इनामगाव सुटले. एका समाजाची अवनती भांड्याच्या जाडीत आणि भाजणीत मोजता येते, हे मला या सगळ्या अभ्यासातले सर्वांत मोठे यश वाटते.

खापरावरून काय सांगू नये, हेही तितकेच महत्त्वाचे. माळवा आणि जोर्वे संस्कृतींच्या तोटीच्या भांड्यांचे इराणमधल्या जुन्या भांड्यांशी साम्य आहे, हे सांकलियांच्या लक्षात आले होते. त्यावरून पश्चिमेकडून लोक आले असावेत आणि त्यांचा आर्यांशी संबंध असावा, असा विचार त्यांनी मांडला. हे सगळ्यांना पटले नाही, आणि न पटण्याला कारण आहे. आपल्या घरोघरी चहा चिनी मातीच्या कपात पितात. त्यावरून कोणी आपल्याला चीनमधून आलेले ठरवले तर ते चुकेल. भांडे, भांड्याची कल्पना आणि माणूस ही तिन्ही वेगवेगळ्या वाटांनी प्रवास करतात. नक्षीवरून वंश ठरवण्याचा मोह अभ्यासकांना झाला, आणि आज जातीचा नि धर्माचा अभिमान मिरवणाऱ्यांना तो आणखी मोठ्या प्रमाणात होतो.

सातवाहन काळातल्या भांड्यांबाबतही असेच झाले. तांबडी घोटीव भांडी इतकी सुबक होती की त्यांचा रोमशी संबंध जोडला गेला. ती इथलीच, विशेषतः गुजरात आणि पश्चिम भारतातली आहेत हे पुढे स्पष्ट झाले. रोमन दारूचे आणि तेलाचे दोन कानांचे उंच कुंभ भारतात अनेक ठिकाणी नोंदवले गेले. संशोधक रॉबर्टा टॉम्बर यांनी ती खापरे पुन्हा तपासली, तेव्हा त्यांतली बरीच रोमची नसून मेसोपोटेमियातल्या निमुळत्या, आतून डांबर लावलेल्या कुंभांची निघाली. म्हणजे व्यापार होताच, पण रोमइतकाच तो इराणच्या आखाताशीही होता. जुनी खापरे जपून ठेवली होती म्हणूनच चूक दुरुस्त करता आली.

नाशिकला या विषयात आणखी एक मान आहे. इथे कुंभाराच्या कामाबरोबर कुंभारांची पतही दगडात कोरून ठेवलेली आहे. पांडवलेणी ज्या त्रिरश्मी डोंगरात आहेत, तिथे आभीर राजा ईश्वरसेन याच्या राज्याच्या नवव्या वर्षाचा लेख आहे. काळ इ.स.चे तिसरे शतक. विष्णुदत्ता नावाच्या एका शक कुळातल्या उपासिकेने आजारी भिक्षूंच्या औषधपाण्यासाठी कायमची ठेव ठेवली. ती रक्कम तिने गोवर्धन इथल्या कारागिरांच्या श्रेणींकडे, म्हणजे संघटनांकडे दिली: एक हजार कार्षापण नाणी कुलरिकांकडे, दोन हजार पाण्याची यंत्रे करणाऱ्यांकडे, शिवाय तेल्यांकडेही. कुलरिक म्हणजे कुंभार, असे बहुतेक अभ्यासक मानतात. गोवर्धन म्हणजे नाशिकजवळचे आजचे गोवर्धन. ठेव कायमची होती, म्हणजे व्याज पिढ्यान् पिढ्या द्यायचे होते. आपल्या पश्चातही ही संघटना टिकेल आणि शब्द पाळेल, असा विश्वास त्या बाईला कुंभारांबद्दल वाटत होता. त्याआधी नहपानाचा जावई उषवदात यानेही गोवर्धनच्या विणकरांच्या श्रेणीत अशीच रक्कम ठेवली होती. गढीतली सातवाहन काळाच्या सुमाराची खापरे पाहताना हे लेख आठवावेत. हातात नुसते भांडे असते तेव्हा करणारा अनामिक राहतो. लेख सोबत आला की तो कर्ज घेणारा, व्याज देणारा, गावात पत असलेला माणूस म्हणून समोर उभा राहतो.

गेल्या काही दशकांत खापरांकडून आणखी बोलून घेता येऊ लागले आहे. मातीचा पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली धरला तर त्यातल्या खनिजांवरून माती कुठली ते ठरवता येते. मडक्याच्या सच्छिद्र अंगात शिजवलेल्या अन्नाची चरबी मुरलेली असते आणि ती हजारो वर्षे टिकते. कच्छमधल्या कोटडा भडली इथल्या सिंधू संस्कृतीच्या खापरांतून दुधाची चरबी ओळखता आली; २०२० साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासाने साडेचार हजार वर्षांपूर्वीच्या दुधदुभत्याचा थेट पुरावा दिला. जोर्वे खेड्यांत गाई-म्हशी किती होत्या आणि त्यांचे दूध कसे वापरत, हे हाडांवरून अंदाजाने सांगावे लागते. महाराष्ट्रातल्या खापरांची अशी तपासणी मोठ्या प्रमाणात व्हायला हवी.

मात्र त्यासाठी खापर आपल्या थरात सापडले पाहिजे. हे समजायला दायमाबादचे उदाहरण पुरेसे आहे. श्रीरामपूर तालुक्यातल्या या प्रवरेकाठच्या वस्तीवर १९७४ साली एका भिल्ल ग्रामस्थाला झुडपाची मुळे खणताना धातूच्या चार वजनदार मूर्ती मिळाल्या: बैलजोडीचा रथ, म्हैस, हत्ती आणि गेंडा. जगभर त्यांची छायाचित्रे गेली. पण त्या नेमक्या कोणत्या थरातून आल्या हे उत्खननात नोंदवता आले नाही, त्यामुळे त्या उत्तर-हडप्पा काळातल्या की नंतरच्या, हा वाद आजही संपलेला नाही. तिथेच पद्धतशीर खोदकामात मिळालेल्या साध्या खापरांनी मात्र वस्तीचे सावळदा, उत्तर-हडप्पा, दायमाबाद, माळवा आणि जोर्वे असे पाच टप्पे निर्विवाद मांडून दिले.

गोदावरी, गिरणा, प्रवरा यांच्या काठांवरच्या कितीतरी पांढऱ्या आजवर नाहीशा झाल्या. पांढरीची माती पिकाला चांगली म्हणून शेतात टाकली गेली, विटांना गेली, रस्त्याच्या भरावाला गेली. शेतकऱ्याला दोष देण्यात अर्थ नाही. त्या मातीत काय आहे हे त्याला कोणी सांगितलेच नाही. आता सांगायला हवे. नाशिक आणि आसपासच्या शाळांनी मुलांना आपल्या गावची पांढरी दाखवावी. नक्षीचे खापर दिसले तर ते खिशात घालून घरी आणू नका. जागेवरच त्याचे छायाचित्र घ्या, जागा टिपून ठेवा आणि राज्याच्या पुरातत्त्व विभागाला किंवा डेक्कन कॉलेजला कळवा. आणि पांढरीवर जेसीबी आलेला दिसला, तर त्याच दिवशी तहसीलदारांकडे अर्ज द्या.